फरीदा सिस्टर आणि सातचं औषध

फरीदा सिस्टर आमच्या घरात पहिल्यांदा आल्या त्या न बोलावता, आणि आल्या आल्या माझ्यावर ओरडल्या.

सकाळचे सव्वासात झाले असतील. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत त्या वेळी ट्यूशनला जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांची धांदल असते. मी शिकवायचे ती गणिताची बॅचही साडेसातला होती. माझा नवरा प्रशांत धामणगावला नोकरीला; रोज रेल्वेनं ये-जा करायचा. तो बूट घालून तयार होता. आणि आम्ही दोघं आमच्या चार वर्षांच्या स्वराला पलंगावर दाबून धरून बसलो होतो. त्यानं तिचे हात धरले होते. मी गुडघ्यानं तिचे पाय दाबले होते, एका हाताच्या चिमटीत तिचं नाक होतं आणि दुसऱ्या हातात झाकणभर सिरप. ती किंचाळत होती. सासूबाई दारात उभ्या राहून, "घे गं माय, बाहुली आणते, घे," असं म्हणत स्वतःच रडत होत्या.

दोन महिन्यांपूर्वी जेवता जेवता स्वराचे डोळे एकाएकी वर गेले होते आणि हातपाय झटके द्यायला लागले होते. तपासण्या झाल्या. मेंदूच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. सकाळी सात, संध्याकाळी सात. "एकही डोस चुकवू नका," त्यांनी दोनदा सांगितलं होतं. पहिले आठ दिवस चॉकलेटवर भागलं. मग चॉकलेट पुरेना, बाहुली आली. मग खेळण्यातला स्वयंपाक आला. शेवटी तिच्या आजोबांनी फोनवरून सायकल कबूल केली. सायकल आली त्या संध्याकाळी तिनं मुकाट्यानं औषध घेतलं आणि दुसऱ्या सकाळी तोंड मिटून विचारलं, "आज काय आणलं?"

त्यानंतर आम्ही दाबून धरायला लागलो.

"सोडा तिले."

मी वळून पाहिलं. सासूबाईंना बाजूला सारून एक उंच, हडकुळी बाई आत आली होती. पांढरी सलवार-कमीज, डोक्यावरून ओढलेली ओढणी, आणि ओढणीला सेफ्टी पिननं अडकवलेलं, उलटं लोंबणारं घड्याळ. आमच्या मागच्या गल्लीत गादीवाल्या भावाकडे अकोल्याहून कोणी रिटायर्ड नर्स राहायला आली आहे, एवढं मी ऐकून होते.

"आधी नाक सोडा तिचं! काहून पकडून राहिले असे? औषध छातीत गेलं तर काय कराल?"

माझा हात आपोआप सुटला. झाकण गादीवर सांडलं. स्वरा उठून भिंतीला चिकटून बसली. सिस्टर तिच्याकडे गेल्या नाहीत, तिला कुरवाळलं नाही. खुर्ची ओढून बसल्या, बाटली उचलून तिच्यावरचं सगळं वाचलं आणि मला विचारलं, "डोस किती? अंगावर किती सांडलं, पोटात किती गेलं, सांगता येते?"

मी गादीवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं.

"म्हणजे आज तिनं औषध घेतलं का नाही, हेच तुमाले माहीत नाही. आता अंदाजानं पुन्हा देऊ नका. डॉक्टरले फोन करा अन् इचारा." मग प्रशांतकडे वळून, "सायकल दिली म्हणे? बरं. अन् उद्या?"

तो खाली गेला. मला त्या बाईचा भयंकर राग आला होता.

राग यावा अशाच त्या होत्या. चालणं झपाझपा, बोलणं तुटक. चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवायच्या आणि लगेच उठायच्या. कुणाच्या घरी गेल्या तरी नजर आधी औषधं कुठे ठेवली आहेत तिकडे. हाताला लागेल अशा जागी दिसली की यजमानाला न विचारता उचलून वरच्या फळीवर ठेवायच्या. गल्लीतल्या बायका त्यांना टाळायच्या. मूल आजारी पडलं की मात्र त्यांच्याच दारात जायच्या.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला त्या पुन्हा आल्या. हातात टिकल्यांची तीन पाकिटं होती, लाल, हिरव्या आणि चमकीच्या. त्या स्वतः टिकली लावत नसत. पाकिटं मागितल्यावर दुकानदारीण आपल्याकडे कशी बघत राहिली, हे त्यांनी जराही न हसता सांगितलं. मग स्वरासमोर जमिनीवर बसल्या.

"हे औषध कडू हाय," त्या म्हणाल्या. "मी चाखून पाह्यलं. खोटं नाही बोलत. दहा मोजेपर्यंत तोंड कडू राहते, मंग जाते. औषध तर घ्यायचंच हाय, त्यात तुयी मर्जी नाही अन् मायीबी नाही. पण बसून घ्यायचं का उभं राहून, हे तू सांगशील. चमच्यानं का पिचकारीनं, हे तू सांगशील. घेतलं की त्या कॅलेंडरवर टिकली तू लावायची. कोणत्या रंगाची, तेबी तूच सांगशील. अन् मंग खाली जाऊन बाबाच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजवायचा. दोनदाच."

पिचकारी म्हणजे सुईशिवायची, आकडे असलेली प्लॅस्टिकची सिरिंज. स्वरानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं.

सात वाजले. सिस्टर तशाच बसून राहिल्या. सात दहा. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी बोट वर केलं. सात वीस. खालून प्रशांतनं हाक मारली, मी मान हलवली. त्याची रेल्वे चुकणार होती, माझी मुलं क्लासच्या पायऱ्यांवर ताटकळत असणार होती. कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर घरात आवाज नव्हता. सासूबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांच्या जिभेवर 'बाहुली' येत होती आणि सिस्टरकडे बघून त्या ती गिळत होत्या.

पावणेआठला स्वरा उठली. "उभी राहून," ती म्हणाली. "पिचकारीनं."

सिस्टरनी सिरिंज तिच्याच हातात दिली, टोक गालाच्या आतल्या बाजूला वळवलं. "हळू. घोट घोट." मग मोठ्यानं मोजायला लागल्या. सातपर्यंत स्वराचं तोंड वाकडं होतं, नऊला तिनं जीभ बाहेर काढून दाखवली. मी टाळ्या वाजवायला हात उचलले तशा सिस्टर म्हणाल्या, "टाळ्या नाही. टिकली. लगेच. लेकराले थांबवू नका, उशिरा दिलेलं बक्षीस त्याले कशासाठी मिळालं तेच कळत नाही."

स्वरानं हिरवी टिकली लावली. खाली हॉर्न दोनदा वाजला. प्रशांतची रेल्वे चुकली, माझी बॅच बुडाली. जिन्यात मी सिस्टरना विचारलं, "एवढंसं बक्षीस पुरेल का हो? तिला सायकल मिळालेली आहे."

"मोठं दिलं की पुढचं त्याहून मोठं द्या लागते. लहान असू द्या, रोजचं असू द्या, अन् कबूल केलं ते चुकू देऊ नका. तुमी थकले तरी हॉर्न वाजला पायजे. अन् दुसऱ्या कशाची शिक्षा म्हणून टिकली बंद करू नका. तिनं दूध सांडलं, भांडली, मारा पायजे तर. नाही, मारूबी नका. पण टिकली औषधाची हाय."

आठ-दहा दिवस त्या रोज आल्या. मग म्हणाल्या, "आता तुमी करा," आणि येणं बंद केलं. फक्त रविवारी येऊन कॅलेंडरसमोर उभ्या राहायच्या, ओढणीवरचं घड्याळ सावरत, बोटानं ओळ तपासायच्या. 'शाबास' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ओळ पुरी असली की म्हणायच्या, "झालं." स्वरा त्या 'झालं'साठी रविवारी सकाळपासून दारात उभी असायची.

औषधांबाबतचा त्यांचा राग किती खरा होता ते मला एप्रिलमध्ये कळलं. समोरच्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू होत्या. त्या चॉकलेटच्या आहेत असं सांगून बाप त्याला द्यायचा. मूल आनंदानं खायचं आणि बाप ते कौतुकानं सगळ्यांना सांगायचा. एका दुपारी त्या मुलाला आईच्या उशाशी रक्तवाढीच्या गोळ्यांची पट्टी सापडली. लाल, चकचकीत गोळ्या. आई धुणं वाळत घालून आली तेव्हा पट्टी जवळजवळ रिकामी होती आणि पोराचे ओठ लाल.

आरडाओरडा ऐकून मी गॅलरीत आले तेव्हा फरीदा सिस्टर त्या मुलाला कमरेवर घेऊन अनवाणी धावत होत्या. भर एप्रिलचं डांबर. एका हातात ती पट्टी घट्ट धरलेली. आई मागून म्हणत होती, "मीठपाणी पाजू का? उलटी करवू का?" आणि त्या न वळता ओरडत होत्या, "काही पाजू नका! काही घालू नका तोंडात!" रिक्षात बसता बसता त्या रिकाम्या खाचा मोजत होत्या. दवाखान्यात पोचताच पोराचं नावगाव सांगण्याआधी त्यांनी गोळीचं नाव, आकडा आणि वेळ सांगितली, असं त्या आईनं नंतर सांगितलं. मुलाला तीन दिवस ठेवून घेतलं. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टर कशाचीच खात्री देत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यानं खायला मागितलं.

तो घरी आल्यावर सिस्टर त्या बापाकडे गेल्या. मी तिथेच होते.

"त्याच्या भल्यासाठीच सांगत होतो हो," बाप म्हणाला. "सुखासुखी खायचा."

"तुमी खोटं बोलले. त्यानं खरं मानलं. लेकराची चूक काय?" एवढंच बोलून त्या वळल्या. त्यांच्या तळपायांना फोड आले होते. त्या टाचांवर चालत घरी गेल्या.

हे सगळं डोळ्यांनी पाहूनही मी जे केलं, ते मला आजही लिहायला जड जातं.

मे महिन्यात चांदूर रेल्वेला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. शनिवारी दुपारी निघालो आणि औषधाची बाटली घरी राहिली. संध्याकाळी सात वाजता मांडवात ते माझ्या लक्षात आलं. तिथल्या मेडिकलमध्ये ते सिरप नव्हतं. एका डोसानं काय होतंय, असं सगळे म्हणाले. मीही स्वतःला तेच सांगितलं. उशिरा परतलो. रविवारी सकाळी स्वरा झोपेनं चिडलेली होती. पिचकारी तोंडाजवळ नेली तशी तिनं हातानं उडवली, सगळं औषध फरशीवर. पुन्हा भरली, तिनं घेतलं आणि लगेच ओकून टाकलं. माझी परीक्षेची जादा बॅच होती. आणि रविवार होता, सिस्टर येणार होत्या. कॅलेंडरवर शनिवारच्या आणि रविवारच्या चौकोनात एकेका टिकलीची जागा रिकामी दिसत होती.

मी दोन लाल टिकल्या काढल्या आणि माझ्या हातानं लावल्या. स्वरा बघत होती. तिनं विचारलं, "मी घेतलं?" मी म्हणाले, "हो, घेतलं." तिला घेऊन खाली गेले आणि हॉर्नही वाजवू दिला.

सिस्टर दहाला येऊन ओळ बघून गेल्या, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. "झालं" म्हणाल्या.

अकरा वाजता गल्लीच्या टोकाच्या माझ्या क्लासमध्ये फोन आला. मी घरी धावले तेव्हा स्वरा फरशीवर कुशीवर झोपवलेली होती, सगळं अंग झटके देत होतं, ओठ निळसर. तिच्याजवळ मागच्या गल्लीतून धावत आलेल्या फरीदा सिस्टर गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी आजूबाजूच्या खुर्च्या दूर सारल्या होत्या. डोक्याखाली त्यांची घडी केलेली ओढणी होती, आणि त्यांचे पांढरे केस मी पहिल्यांदाच पाहत होते. घड्याळ तळहातावर होतं. शेजारच्या कुणीतरी कांदा आणला होता, कुणी चमचा दातांत घाला म्हणत होतं. "काही नाही! मागं व्हा!" मला पाहून त्या फक्त म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. रिक्षा सांगितली हाय."

चौथं मिनिट संपता संपता झटके थांबले. ती मिनिटं किती लांब असतात हे ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "डोस चुकला होता का?" सिस्टर माझ्या आधी बोलल्या, "नाही. मी सकाळीच कॅलेंडर पाह्यलं." डॉक्टर म्हणाले, "मग डोस वाढवावा लागेल." ते लिहायला लागले.

पेन कागदावर चालत होतं. स्वराचा हात माझ्या हातात होता, गार आणि सैल.

"थांबा," मी म्हणाले. "दोन डोस चुकलेत. टिकल्या मी लावल्या."

डॉक्टरांनी पेन थांबवलं, आधीचं खोडलं. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. त्या आमच्यासोबतच आत आल्या, थेट कॅलेंडरपाशी गेल्या आणि नखानं त्या दोन टिकल्या काढल्या. कागदाचा पापुद्रा निघाला. "रिकामी जागा दिसू द्या," त्या म्हणाल्या. "रिकामी जागा काही वाईट नाही. तिथूनच डॉक्टरले कळते. ते डोस वाढवून बसले असते."

मी रडायला लागले. त्या खुर्चीवर बसल्या. मग फरशीकडे बघत त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी पूर्वी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

अकोल्यात त्या लेकरांच्या वॉर्डात होत्या तेव्हाची गोष्ट. नवी नोकरी, वॉर्ड भरलेला, हात चपळ. कुणाचंही मूल त्या अर्ध्या मिनिटात औषध पाजून मोकळ्या व्हायच्या. नाक दाबायचं, तोंड उघडलं की ओतायचं. बाकीच्या नर्सेस त्यांना मुद्दाम बोलवायच्या. दोन वर्षांची एक मुलगी होती, बाळापूरकडची. तिला असंच पाजताना ठसका लागला. ती काळीनिळी झाली, मग श्वास आला. सिस्टरनी तिला उभं धरलं, पाठ थोपटली, आणि वहीत लिहिलं: औषध दिले. ठसक्याचं लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला ताप चढला. छाती भरली. डॉक्टर मूळ आजारातच कारण शोधत राहिले, औषधं बदलत राहिले.

"अन् तिची माय मले म्हणे, सिस्टर, तुमी होत्या म्हणून बरं, दुसऱ्या कोणाकडून औषध घेतच नाही ती." सिस्टरचा आवाज तसाच कोरडा होता. "दोन दिवस मी गप्प राह्यली. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरले सांगितलं. माया मेमो झाला, वॉर्ड बदलला. लेकरू वाचलं. पण मी दिसली की ते मुतून घ्यायचं. पांढरा कपडा पाह्यला की मुतून घ्यायचं."

बाहेर गाड्यांची ये-जा चालू होती. सासूबाईंनी चहा आणून ठेवला होता तो तसाच होता.

"तुमी एका तासात सांगितलं," त्या म्हणाल्या. "मले दोन दिवस लागले. आता उठा. सात वाजाले आले."

त्या संध्याकाळी स्वरानं औषध घेतलं, आणि टिकली लावायच्या आधी माझ्याकडे पाहून विचारलं, "खरंच घेतलं ना मी?" तो प्रश्न ती पुढे कित्येक आठवडे विचारत राहिली. दर वेळी मला उत्तर द्यावं लागलं. सिस्टर म्हणाल्या, विचारू द्या, एक दिवस आपोआप बंद होईल. ते बंद व्हायला पावसाळा संपावा लागला.

पुढच्या वर्षी हॉर्न गेला. तो काढायचा कसा, हेही त्यांनीच ठरवलं. आधी एक दिवसाआड, मग फक्त रविवारी, मग स्वरालाच त्याची आठवण राहिली नाही. टिकल्या मात्र ती लावत राहिली. स्वतःच घड्याळ बघून बाटली मागायला लागली. झटका पुन्हा आला नाही. दोन वर्षं उलटल्यावर डॉक्टरांनी औषध थोडं थोडं कमी करायला सुरुवात केली. तोवर सिस्टरच्या भावानं गाद्यांचं दुकान विकलं होतं आणि त्या अकोल्याला भाचीकडे राहायला गेल्या होत्या. साखर वाढली होती, नजर कमी झाली होती. फोनवर पहिला प्रश्न असायचा, "आता किती एमएल?"

शेवटचा डोस एका रविवारी संध्याकाळी दिला. सोमवारी सकाळी सात वाजता पहिल्यांदाच आमच्या घरात बाटली उघडायची नव्हती. मी पाच वाजल्यापासून जागी होते. प्रशांतनं रजा घेतली होती. सासूबाई देवासमोर बसल्या होत्या. सगळ्यांना वाटत होतं, आता झटका येईल, आता येईल. झोपलेल्या स्वराच्या पापण्या हलल्या तरी मी तिच्यावर वाकून घड्याळ बघायचे.

साडेआठला दार वाजलं. दारात फरीदा सिस्टर. अकोल्याहून पहिली बस पकडून आल्या होत्या, एकट्या, त्या नजरेनं.

"इथं कामानं आली होती," त्या म्हणाल्या. कोणतं काम, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दिवसभर त्या आमच्या बैठकीत बसून होत्या. भुईमुगाच्या शेंगा निवडत. स्वरा आता सात वर्षांची, शाळेची सुट्टी चाललेली. ती चित्र काढत होती, भांडत होती, टीव्ही लावत होती. सिस्टर तिच्याकडे बघत नाहीत असं वाटायचं. पण ती उठून आतल्या खोलीत गेली की त्यांचे हात शेंगांवर थांबायचे आणि ती परत आली की पुन्हा चालू व्हायचे. जेवायला त्या तिच्या समोर बसल्या. दुपारी ती झोपली तेव्हा म्हणाल्या, "तुमी बायांनो पडा जरा. मी हाय." आणि आम्ही खरंच झोपलो. कितीतरी दिवसांनी.

सहाला त्या निघाल्या. स्वराला म्हणाल्या, "विहिरीत, तळ्यात एकटी उतरू नको अजून. कळलं?" दुसरं काही नाही. मी त्यांना स्कूटीवर बसस्टँडला सोडलं. वाटेत विचारलं, "सिस्टर, झटका पुन्हा नाही ना येणार?"

"मले कसं माहीत?" त्या म्हणाल्या. "आज नाही आला."

अकोल्याची गाडी लागलेली होती. मी त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली, खाली उतरले आणि पाण्याची बाटली घ्यायला समोरच्या टपरीवर गेले. परत आले तेव्हा कंडक्टर अजून तिकिटं फाडत होता, ड्रायव्हर चढायचा होता, आणि फरीदा सिस्टर गाढ झोपल्या होत्या. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, बोटांवर शेंगांची माती. मी खिडकीशी उभी राहिले. उठवून बाटली द्यावी असं वाटलं, पण हाक मारली नाही. बाटली गजांतून हळूच त्यांच्या शेजारी टेकवून ठेवली. पलीकडे बसलेल्या बाईला खुणेनं सांगितलं, अकोला आलं की उठवा.

गाडी निघाली. वळणावर धक्का बसला तेव्हा त्यांचं डोकं गजावरून घसरलं, आणि त्या बाईनं आपला खांदा पुढे केला.